चूक वाढप्याची

खांदेश्वर,
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

प्रिय जाई,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे खुशाल, तुम्ही दोघंही तिकडे तसेच असाल. हे वाक्य आजोबा प्रत्येक पत्रात लिहायचे आणि आपण हसायचो. आता कळतंय, भांडण झालेल्या माणसाला लिहायला ते फार सोयीचं आहे.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, मेल उघडत नाहीस, आणि कळंबोलीला यायला मला वेळ नाही. खरं तर वेळ आहे. रिक्षाने पंधरा मिनिटं लागतात. पण तुझ्या सासऱ्यांच्या दारात उभं राहून "जाई आहे का?" असं विचारणं मला जमणार नाही. परवा पोस्टात पाकीट घ्यायला गेलो तर काउंटरवरची बाई म्हणाली, "कळंबोलीला? मग जाऊनच या की." लोकांना नसत्या चौकशा.

भाऊबीजेला आली नाहीस. भावाने बहिणीकडे जायचं असतं हे मला ठाऊक आहे, आईने ते तीनदा ऐकवलं. तरी तिने पाट मांडला, रांगोळी काढली, ताम्हनात निरांजन ठेवलं आणि दुपारी दोनला सगळं उचललं. शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या उज्ज्वलाताईंनी ओवाळलं. त्यांना मी ओवाळणी घातली आणि त्यांनी मला बाजारची करंजी दिली.

आता मुद्द्याचं. म्हणजे आपल्या अमेरिकन फुटबॉलचं. अकरा वर्षं पावणे एमआयडीसीतल्या ऑफिसात बसून अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांच्या प्रत्येक चालीवर मी खुणा करतोय आणि करवून घेतोय: कोण कुठे उभा होता, कुणी फेकला, कुणी सोडला. तिकडचे कोच त्या खुणांवर माणसं निवडतात. हे तुला नव्याने सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय माझी गाडी सुरू होत नाही.

आज पहाटे पाचला लार्क्सबर्ग स्टेटचा सामना होता. आपली खेचरं. जर्सीवर खेचर असलेली टीम निवडायची अक्कल तुला, मला आणि आकाशलाच सुचू शकते. हरली, ३१-६. हरण्याचं दुःख नाही, ते आपल्या अंगवळणी पडलंय. पण हल्ला करणारी फळी म्हणून जे काही मैदानात उभं होतं, त्याच्यापेक्षा आपल्या सोसायटीची लिफ्ट जास्त हालचाल करते. पहिल्या हाफमध्ये चोवीस यार्ड. चोवीस! बाबा वॉकर घेऊन पार्किंगमध्ये एवढं सहज जातात.

वाढपी होता ग्रँट पेलहॅम. (आईचा शब्द अजून तोंडातून जात नाही. आकाश तेव्हा तुझा नवरा नव्हता, ऑफिसात माझ्या हाताखाली लागलेला पोरगा होता; त्याने तिला पहिल्यांदा खेळ समजावला तेव्हा टेबलावर चकल्या मांडल्या होत्या, आठवतं? "काकू, चार वेळा ट्राय मारायचा, दहा यार्ड पुढे न्यायचं. नाय जमलं तर चेंडू समोरच्याला. हा मधला आहे ना, क्वार्टरबॅक, हा ठरवतो चेंडू कुणाला द्यायचा." आणि आई म्हणाली, "म्हणजे पंगतीतला वाढपी की रे! कुणाचं पान रिकामं आहे ते बघायचं आणि वाढायचं." त्या दिवसापासून आपल्या घरात क्वार्टरबॅक हा शब्दच बंद झाला.)

तर हा पेलहॅम. सहा फूट पाच इंच. आजोबा इथेच खेळले, बाप इथेच खेळला, स्टेडियमच्या एका जिन्याला त्यांचं नाव आहे म्हणे. त्या जिन्याच्या जोरावर हा वाढपी झाला. समोरून कुणी धावत आलं की डोळे मिटतो. मी गंमत करत नाही, थांबवून थांबवून बघितलं. हरल्यावर मुलाखतीत म्हणाला, घेणारे बरोबर जागी नव्हते. नाचता येईना, अंगण वाकडं.

दुसरा डॉसन, अठरा वर्षांचा, डावखुरा. पुढच्या वर्षाचा मोठा माल म्हणून त्याचा गाजावाजा चाललाय. तो चेंडू फेकत नाही, पिंड ठेवतो. मग कावळा शिवायची वाट बघत उभा राहतो.

आणि ज्याला खरंच वाढता येतं तो इलाय हार्कनेस खांद्यावर टॉवेल टाकून बाकावर. पाच फूट अकरा, बाप कुठल्यातरी मक्याच्या गावातला शाळामास्तर. त्याची नजर आठव, चार माणसं अंगावर येताना तो सगळ्यात लांबचं रिकामं पान हुडकायचा. पण घराणं नाही ना त्याला! खेळात आडनाव बघायचं असतं का, तूच सांग. चेंडू विचारतो का, तू कुणाचा कोण? मला या एका गोष्टीची मनस्वी चीड आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला हार्कनेस त्यांच्या विभागातल्या वाढप्यांत तिसरा होता. नोव्हेंबरअखेर एकेचाळिसावा. आकडे पडल्यावर कोच तरी काय करणार, बसवला त्याला. आकडे कसे पडले हा वेगळा विषय आहे, त्यात मी आत्ता शिरत नाही.

बाबांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरल्याप्रमाणे चालू आहे. चिडचिड वाढली आहे. आईचे गुडघे दुखतात. मी बरा आहे.

जाता जाता एक. आमच्या अमेरिकेच्या क्लायंटकडून आकाशला एखादा मेल येईल. जुन्या कामासंबंधी काही किरकोळ विचारणा आहे. घाईने उत्तर देऊ नकोस म्हणावं. तसाही तो आता ट्रान्सपोर्टच्या यार्डात गाड्यांच्या चिठ्ठ्या फाडतो असं ऐकलं, तेव्हा असल्या गोष्टींना त्याला वेळ नसेलच. आधी माझ्याशी बोलू दे.

तुझा,
दादा


खांदेश्वर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय जाई,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. आकाशला मेल पोचल्याचं ऑफिसातून कळलं. उत्तराला १४ तारखेची मुदत आहे, म्हणून आज खेचरांबद्दल एकच ओळ: परत हरली, पेलहॅमने तीन चेंडू थेट समोरच्यांच्या पानात वाढले.

आता शांतपणे वाच. हार्कनेसच्या बापाने तक्रार केली आहे. शाळेला सुट्टी लागल्यावर मास्तर वही घेऊन बसला आणि पोराची गेल्या वर्षीची प्रत्येक फेक त्याने पाहिली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणून क्लायंटने ती वही फेकून द्यायला हवी होती. दिली नाही. त्याने तेवीस फेकी काढल्या. चेंडू घेणाऱ्याच्या दोन्ही हातांत नीट बसला, त्याने तो सोडला, आणि आमच्या नोंदीत दोष लागला हार्कनेसला. आमच्या शीटवर दोन शब्द असतात. "सुटला" म्हणजे घेणाऱ्याची चूक, "चुकला" म्हणजे वाढप्याची. तेवीसही ठिकाणी खूण करणाऱ्याने "सुटला" लिहिलं होतं. तेवीसही ठिकाणी परीक्षकाने ते बदलून "चुकला" केलं.

खूण करणारा आकाश. परीक्षक मी.

परीक्षक बदलतोच, त्यासाठीच त्याला बसवलेला असतो. पण तू तारखा जुळवशील, म्हणून मीच सांगतो. पहिला बदल मी केला ७ ऑक्टोबरला, सोमवारी. त्याच्या आदल्या रविवारी नाही, त्याच्याही आदल्या रविवारी आकाशच्या घरची मंडळी आपल्याकडे आली होती.

त्या दिवसावरून तू मला जे काही बोललीस ते मी विसरलेलो नाही. माझी बाजू एकदा ऐक. पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात लग्नाचं बोलायला कुणी येतं का? आपल्यात येत नाहीत. आई दारातच म्हणाली, "सर्वपित्री झाल्यावर आला असतात तर बरं झालं असतं." तुझे सासरे पेढ्यांचा पुडा पुढे करून म्हणाले, "आमच्यात तसलं काय पाळत नाहीत, बाई. चांगल्या कामाला सगळे दिवस चांगलेच हायेत." लोखंड बाजारात जन्मभर सळया वाहिलेला माणूस, पण बोलला व्यवस्थित. मला त्याचाच राग आला. मी एक कागद तयार ठेवला होता, तो काढला.

तुझ्या दृष्टीने तो कागद म्हणजे नीचपणाची कमाल होती. माझ्या दृष्टीने ती पद्धत होती. आम्ही वाढप्यांची पारख जशी करतो तशीच मी स्थळाची केली. आकाशच्या आईवडिलांसमोर, मारोतराव आणि रखमाबाईंसमोर, मी तो वाचला, हे जरा जास्त झालं असेल. दबावाखाली निर्णय, दहापैकी पाच. पुढची चाल ओळखणं, सहा. पायांची हालचाल, चार.

"पाय कशाला मोजायलाव, साहेब?" मारोतराव म्हणाले. "पोरगं धडधाकट हाय."

रखमाबाईंनी तुझ्याकडे वळून हळूच विचारलं, "काय वाचायलेत हे?" तू खाली बघत होतीस. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता आणि चित्र बघत बसले होते. आकाश मात्र शेवटपर्यंत ऐकत राहिला, ऑफिसात माझा शेरा ऐकायचा तसाच, हात मांडीवर ठेवून. मग म्हणाला, "सर, एक रकाना रिकामा राह्यलाय."

"कुठला?"

"तो तुमी वाचणार नाय. पण टोटल त्याच्यावरच मारलीय."

मी जातीचा ज उच्चारला नव्हता. तू साक्षीला आहेस. चार माणसांत तसलं बोलणं मला आवडत नाही. तीन वर्षं तो दर रविवारी आपल्याकडे जेवला, बाबांचं नाव घातलेल्या त्या स्टीलच्या ताटात, आणि मी कधी काही म्हटलं का? ती मंडळी गेल्यावर आईने ते ताट भंगारवाल्याला देऊन टाकलं. बाबा आता बिननावाच्या ताटात जेवतात. तिच्या पिढीचं तसंच असतं, मी तिला दोष देत नाही.

आता तुला जे ऐकायचं आहे ते लिहितो. तेविसांतल्या पहिल्या फेकीला मला खरंच शंका होती. दुसऱ्या फेकीपासून नव्हती. मी चेंडू घेणाऱ्याच्या तळहातावर टेकलेला बघत होतो आणि "चुकला" लिहीत होतो. परीक्षकाच्या प्रत्येक बदलाने खूण करणाऱ्याचे गुण कापले जातात; आकाशची अचूकता सत्त्याण्णव टक्क्यांच्या खाली आली की नियमाने तो जाणार, आणि तो घरी बसला की तू भानावर येशील, असा माझा हिशेब होता. तो गेला. तू मात्र जानेवारीत विहारात पांढरी साडी नेसून उभी राहिलीस.

आणि गंमत बघ. त्या महिन्यात लार्क्सबर्गचे सामने आकाशकडे होते. दुसऱ्या कुठल्या टीमचे असते तरी मी तेच केलं असतं, पण ते होते आपल्याच खेचरांचे. आयुष्यात एक टीम माझी म्हणून धरली आणि तिचा एकुलता एक चांगला पोरगा मी माझ्या हाताने बाकावर बसवला. दर रविवारी पहाटे उठून बघतो. मध्येच कॅमेरा त्याच्यावर जातो, तो टॉवेलने तोंड पुसत असतो. मला त्याचं फार वाईट वाटतं. आकाशचं वाटत नाही. तू विचारशील म्हणून आधीच सांगून ठेवलं.

काम एवढंच आहे. क्लायंटने आकाशला तेवीस फिती पाठवल्या आहेत आणि प्रत्येकीवर मत मागितलं आहे. त्याने लिहायचं की परीक्षकाचे बदल योग्य होते. सगळे नाही तर निदान बरेचसे. तेवीसच्या तेवीस चुकीचे ठरले तर ते मुद्दाम केलं असा अर्थ होतो, आणि मला त्याच दिवशी घरी पाठवतात. माझ्यासाठी काही कर असं मी म्हणत नाही. पण बाबांचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चालतं. नोकरी गेली की विमा बंद. मग सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी काय करायचं ते तू आणि तुझा सत्यवचनी नवरा मिळून ठरवा.

आकाशने ऐरोलीच्या, आपल्यासारख्याच खुणांचं काम करणाऱ्या कंपनीत अर्ज केला आहे हेही मला ठाऊक आहे. तिथला निवड करणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. मी एक शब्द टाकू शकतो. शब्द दोन्ही प्रकारचा टाकता येतो.

वाचून झाल्यावर फाडून टाक.

काही झालं तरी तुझाच,
दादा


खांदेश्वर,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय जाई,

अनेक आशीर्वाद! निकाल लागला. तेविसांपैकी एकोणीस बदल चुकीचे, चार बरोबर. आणि हे चार बरोबर असल्याचं कुणी सांगितलं? तुझ्या नवऱ्याने, स्वतःच्या सहीने.

ते चार नसते तर मी आज घरी असतो. त्या चारांमुळे माझ्यावर "अतिकडक परीक्षण" एवढाच शेरा आला. परीक्षकपद गेलं. उद्यापासून पुन्हा खुणा करायला बसायचं, परवा लागलेल्या पोरांच्या रांगेत. पण नोकरी राहिली, विमा राहिला. शुक्रवारी बाबांचं डायलिसिस नेहमीसारखं झालं.

मी मनात म्हणत होतोच, अकरा वर्षांची नजर इतकी कशी वाया जाईल? रागाच्या भरात का होईना, चार ठिकाणी मला बरोबर दिसलं होतं. आकाशला सांग, स्वतःची चूक मान्य करायला मोठं मन लागतं. त्याच्याकडून माझी तेवढी अपेक्षा नव्हती. उरलेल्या एकोणिसांत त्याने थोडी उदारता दाखवली असती तर माझी खुर्ची राहिली असती, पण असो, जेवढं झेपलं तेवढं केलं त्याने.

हार्कनेसची नोंद दुरुस्त झाली. तो आता कॉलेज बदलणार अशी बातमी आहे, निदान तीन ठिकाणी त्याला वाढपी म्हणून मागणी आहे. म्हणजे पोराचं भलं झालं, बाबांचं भलं झालं, आणि ऐरोलीच्या माणसाला मी फोन केला नाही, वाईट शब्दसुद्धा टाकला नाही. हे माझ्या बाजूने लक्षात घे.

आता राग सोड. भाऊबीज होऊन महिना झाला, पण तू येते म्हणालीस तर आई उद्यासुद्धा पाट मांडेल. आकाशलाही आण हवं तर.

ते चार कोणते हे मला कळवलेलं नाही. पुढच्या आठवड्यात फिती उघडून बघणार आहे. आपण कुठे बरोबर होतो हे माणसाला माहीत असावं.

तुझा, चारदा तरी बरोबर ठरलेला,
दादा


कळंबोली,
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

दादा,

तिन्ही पत्रं मिळाली. फाडली नाहीत. दुसरं पत्र आकाशने त्याच्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने त्या दिवशी "काय वाचायलेत हे?" असं विचारलं होतं आणि तिला कुणीच उत्तर दिलं नव्हतं. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "शिकल्याले लोक हायेत." मग भाजी निवडायला बसली.

फिती उघडून बघच. तुझी शोधाशोध वाचवते: सहावी, अकरावी, चौदावी आणि विसावी. चारही फेकींत चेंडू हातात बसलेला आहे. चारही सुटलेल्या आहेत. तू तेवीसच्या तेवीस ठिकाणी खोटा आहेस.

आकाशने सगळ्या फेकी तीन-तीनदा पाहिल्या आणि तेविसांपुढे "सुटला" लिहिलं. मेल पाठवायच्या आधी मी त्याच्याकडे चार खोट्या खुणा मागितल्या. तुझ्यासाठी नाही. मी दर बुधवारी सुट्टी टाकून डायलिसिसच्या ठिकाणी बाबांजवळ बसते, तू ऑफिसात असतोस तेव्हा. त्यांच्या हाताला सुई लागते ते मी बघते. म्हणून मागितल्या.

तो म्हणाला, "मी गाड्या खाली करीन जाई, पण खोटी खूण नाय करणार." तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून म्हणाला, "कुठल्या चार, सांग." मी निवडल्या, जिथे चेंडू जरा उंच होता, बघणाऱ्याला शंका येऊ शकेल अशा. मी म्हटलं, मी भरते, तू बघू नकोस. तर म्हणाला, "खोटं माझ्या नावावर जाणार ना? मग माझ्या हातानंच जाऊ दे." एकेक फीत परत लावून, पूर्ण बघून त्याने "चुकला" लिहिलं. चौथीनंतर उठून बाहेर गेला.

ऐरोलीच्या लोकांना पूर्ण साफ नोंद हवी होती. एकोणीसच दुरुस्त झाल्या, चार चुका त्याच्या नावावर राहिल्या; ते बघून त्यांनी दुसरा माणूस घेतला. त्यांनी कळवलं, कामात कसूर नसावी अशी त्यांची अट आहे. तेवीस असत्या तर आज तो तिथे असता. तुला फोन करायची गरजच पडली नाही. तो यार्डात चिठ्ठ्या फाडतोय, तुझं "झेपलं तेवढं" वाचूनही.

आता ताटाचं. आई मला रोज दुपारी फोन करते. ताट तिने दिलं नाही. ती दारात आडवी उभी होती, "अरे, तुझ्या बाबांचं नाव आहे त्यावर" म्हणत होती, आणि तू ते तिच्या हातातून ओढून खाली भंगारवाल्याच्या गाडीवर टाकून आलास. बाबा अजून जेवताना विचारतात, माझं ताट कुठे आहे. ती सांगते, घासायला टाकलंय. तिच्या पिढीला दोष देत नाहीस ते बरं करतोस.

भाऊबीजेची ओवाळणी भाऊ घालतो. या वर्षी मी घातली. त्या चार खुणा ही तुझी ओवाळणी. बाबा आहेत तोवर पुरव.

आकाशची नोकरी घालवलीस ते मी कधीतरी विसरले असते. कागद वाचलास तेही कदाचित, म्हातारपणी. पण त्याने आयुष्यात खोट्या खुणा चारच केल्या, आणि त्या मी त्याच्याकडून तुझ्यासाठी करून घेतल्या. आता रविवारी पहाटे तो उठत नाही. मी सामना लावला तर कूस बदलून झोपतो. हे मी तुला माफ करणार नाही आणि मलाही करणार नाही.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. आईला सांग, पुढच्या भाऊबीजेला पाट मांडू नकोस.

बाबांची मुलगी,
जाई